जॉर्ज कॅडबरी: नुसता चांगला मालक, की त्याहून जास्त काही?

अनघा_माजिवडा

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत ज्येष्ठांचा वाचनकट्टा चालतो, दर महिन्याला कुणीतरी एका माणसाच्या आयुष्यावर अर्धा तास बोलायचं असतं. या वेळी माझी पाळी आहे आणि मी कॅडबरी चॉकलेटवाला जॉर्ज कॅडबरी निवडलाय. ठाण्यात त्यांच्या कारखान्यामुळे आपण हे नाव सारखं घेतो, कॅडबरीला उतरवा, कॅडबरी सिग्नलला थांबते, कॅडबरीच्या ब्रिजवर जाम आहे, पण या आडनावाची माणसं कोण होती हे कट्ट्यावर कुणालाच सांगता येईना, म्हणून म्हटलं हाच विषय घेऊ.

आत्तापर्यंत जे वाचलं ते थोडक्यात लिहिते. जन्म १८३९, बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन भागात. वडील जॉन कॅडबरी, त्यांनी १८२४ मध्ये बुल स्ट्रीटवर चहा-कॉफीचं दुकान काढलं, तिथे प्यायचा कोकोही विकायचे, मग स्वतःच बनवायला लागले. घर क्वेकर पंथाचं, म्हणजे दारू नाही, युद्धाला पाठिंबा नाही, कोर्टात शपथ घ्यायची नाही, राहणी साधी. आई १८५५ मध्ये गेली, वडिलांचं धंद्यातलं मन उडालं आणि १८६१ मध्ये थोरला रिचर्ड आणि हा जॉर्ज अशा दोघांनी बुडायला आलेली कंपनी हातात घेतली. जॉर्ज तेव्हा २१ वर्षांचा. आईकडून प्रत्येकाला साधारण चार हजार पौंड मिळाले होते ते सगळे त्यात घातले, जॉर्जने तर स्वतःचा सगळा खर्च वर्षाला २५ पौंडांत बसवला, आणि दोघांनी ठरवून टाकलं होतं की हे पैसे संपले तर दुकान बंद, रिचर्ड जमीन मोजणीच्या कामात जाईल आणि जॉर्ज हिमालयात जाऊन चहाचा मळा बघेल. म्हणजे नशीब जरा वेगळं असतं तर हा माणूस आपल्याकडेच आला असता!

पुढचं सगळ्यांना थोडंफार माहीत असतं, १८७९ मध्ये शहर सोडून चार मैलांवर बोर्नव्हिलला कारखाना नेला, तिथे घरं, बागा, मैदानं, शनिवारी अर्धा दिवस सुट्टी वगैरे. १९२२ मध्ये गेला.

आता माझी अडचण. वाचत गेले तसा माणूस आवडत गेला, पण दोन गोष्टी टोचतायत. कट्ट्यावरच्या एका काकांना विषय सांगितला तर ते लगेच म्हणाले की कामगाराला चांगली हवा दिली, घर दिलं की तो जास्त काम करतो आणि सोडून जात नाही, हा धंद्याचा हिशोब झाला, परोपकार कसला. आणि दुसरी गोष्ट साओ टोमे बेटावरच्या कोकोची. तिथे मजूर गुलामीत राबत होते आणि ते कानावर आल्यावरही कॅडबरी कंपनी बरीच वर्षं तो कोको घेत राहिली. हे सांगायचं नक्की आहे, लपवणार नाही, पण अर्ध्या तासात त्याला किती वजन द्यावं? जाणकारांनी प्लीज लिहा.

कोकोवाला_वागळे

अनघाताई, विषय उत्तम निवडलात. मी फूड टेक्नॉलॉजीतला, नोकरीची बरीच वर्षं वागळे इस्टेट आणि नंतर ठाणे-बेलापूर रोडवर गेली, त्यामुळे मी कारखान्याच्या आतल्या बाजूचं लिहितो. तुम्ही १८६१ वरून एकदम १८७९ वर उडी मारलीत आणि माझ्या मते खरा माणूस त्या मधल्या वर्षांतच दिसतो.

कोकोच्या बीत निम्म्याच्या आसपास फॅट असतं. तेव्हा कोको म्हणजे मुख्यतः पेय. बी भाजून दळलं की तेलकट लगदा होतो, तो गरम पाण्यात घातला की मिसळीवर तर्री यावी तसा तवंग वर येतो आणि ते पिववत नाही. मग सगळे उत्पादक काय करायचे, तर ते तेल शोषून घ्यायला बटाट्याचं पीठ, सागोचं पीठ आणि गोडीला काकवी घालायचे. कॅडबरीसुद्धा घालायचे. जॉर्जने स्वतः पुढे उघड सांगितलंय की आमच्या तेव्हाच्या मालात खरा कोको पाचातला एक हिस्सा होता. आणि बाजारात काही जण तर रंगासाठी विटेची पूडही मिसळत होते, त्यामानाने पीठ मिसळणं हे सभ्यच समजलं जायचं.

हॉलंडमध्ये व्हॅन हाउटन यांच्याकडे प्रेस होतं, त्याचं पेटंट १८२८ चं, ते दाबून कोकोतलं बरंचसं फॅट काढून टाकतं आणि मागे राहते ती शुद्ध पावडर, मग पीठ घालायची गरजच राहत नाही. जॉर्जला हे कळलं आणि तो सरळ हॉलंडला गेला, डच भाषेचा गंध नाही, डिक्शनरी आणि खाणाखुणा यावर सौदा केला आणि मशीन घेऊन आला. कंपनीची पुंजी जवळजवळ संपलेली असताना एवढी महाग मशीन! १८६६ मध्ये त्यांनी कोको इसेन्स बाजारात आणलं आणि जाहिरात केली की आमचा माल पूर्ण शुद्ध आहे म्हणून सगळ्यात चांगला आहे. डॉक्टर लोकांनी उचलून धरलं. बाकीच्या कोकोवाल्यांना अर्थातच राग आला कारण एकाने शुद्ध म्हटलं की बाकीच्यांच्या डब्यात काय आहे हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडणारच. त्याच काळात इंग्लंडमध्ये भेसळीविरुद्धची चळवळ जोरात होती, १८७२ आणि १८७५ चे कायदे आले, आणि कॅडबरी बंधू कायदा यायच्या आधीच त्या बाजूला उभे होते.

आणि यातूनच खायच्या चॉकलेटचा रस्ता उघडला हे नक्की सांगा, लोकांना आवडेल. पावडर काढल्यावर कोको बटर मोठ्या प्रमाणात उरायला लागलं, ते टाकणार कुठे, मग तेच वापरून चांगल्या दर्जाचं खायचं चॉकलेट बनवायला लागले. रिचर्डचा हात चित्रकलेत चांगला होता, त्याने स्वतः काढलेली चित्रं चॉकलेटच्या खोक्यांवर आली. आपण ज्याला डेअरी मिल्क म्हणतो ते पार १९०५ चं.

काकांना उत्तर द्यायचं तर हे द्या की धंदा तोट्यात असताना भेसळ सोडणं हा कुठल्याच हिशोबात बसणारा निर्णय नव्हता. जमलं म्हणून आज तो शहाणपणा वाटतो.

कळवा_कामगार

वागळेसाहेबांनी छान लिहिलंय, मान्य आहे सगळं. पण मी तीस-पस्तीस वर्षं युनियनचं काम केलेला माणूस आहे आणि मला काकांचा मुद्दा एवढा सहज सोडवत नाही.

जॉर्ज कॅडबरी शनिवारची अर्धी सुट्टी देत होता, बँक हॉलिडेला कारखाना बंद ठेवत होता, खेळायला मैदान, पोहायला तलाव, पुढे १९०६ ला पेन्शन फंड. चांगलंच आहे. पण त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं तेही कट्ट्यावर सांगा. नारायण मेघाजी लोखंडे, ज्यांचा जन्म १८४८ चा आणि तोही आपल्या ठाण्यातला, त्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे नेला, बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन काढली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन बायकांनी भाषणं केली. जूनमध्ये मालकांना रविवारची सुट्टी द्यावी लागली. ती कुणी दयाळू मालकाने दिली नव्हती, लोकांनी मिळवली होती, आणि मिळवलेली असल्यामुळे मालक बदलला, मालकाचा मुलगा आला, कंपनी विकली गेली तरी ती टिकली. मालकाच्या चांगुलपणावर मिळालेली गोष्ट मालकाबरोबर जाऊ शकते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, एका कारखान्यात जुने शेठ होते तोवर कॅन्टीन, शाळेची फी, सगळं होतं, शेठ गेले आणि दोन वर्षांत एकेक करून सगळं बंद, आणि आमच्याकडे दाखवायला कागद नव्हता कारण कधी लेखी मागितलंच नव्हतं.

शिवाय बोर्नव्हिलमध्ये बायकांचं लग्न झालं की नोकरी संपायची. कितीही चांगलं काम करत असली तरी. त्या काळात ते सगळीकडेच होतं हे मला माहीत आहे, पण ज्या माणसाने भेसळीच्या बाबतीत सगळ्या बाजाराच्या विरुद्ध जायची हिंमत दाखवली त्याने इथे का नाही दाखवली हे विचारायलाच हवं. कामगारांची निवडून दिलेली कमिटी, पुरुषांची वेगळी आणि बायकांची वेगळी, तीही १९१८ ला आली, म्हणजे जॉर्ज ऐंशीच्या जवळ आला तेव्हा.

मी त्याला वाईट म्हणत नाही. फक्त त्याच्या फोटोला हार घालताना शेजारी लोखंडेंचाही फोटो असू दे एवढंच म्हणतो.

सीवूड्स_प्लॅनर

कळवा_कामगार काका, तुमचा कागदाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि मी नेमकं त्याच्यावरच लिहिणार होते. मी टाऊन प्लॅनिंगमध्ये काम करते, कॉलेजमध्ये बोर्नव्हिल आम्हाला एका तासात उरकलं होतं, नंतर कामाच्या निमित्ताने नीट वाचलं तेव्हा कळलं की खरी गोष्ट घरांमध्ये नाहीच, मालकी कुणाकडे ठेवली त्यात आहे.

१८७९ ला कारखाना आला तेव्हा तिथे फक्त फोरमन वगैरेंसाठी थोडी घरं होती. गाव वसवायला जॉर्जने सुरुवात केली ती १८९३ नंतर, १२० एकर जमीन घेऊन, आणि ही जमीन त्याने कंपनीच्या नाही तर स्वतःच्या पैशाने घेतली. १८९५ पासून घरं उठायला लागली. विल्यम अलेक्झांडर हार्वी नावाचा अगदी तरुण आर्किटेक्ट. नियम असा की घराने प्लॉटचा चौथा हिस्साच व्यापायचा, बाकी बाग, आणि प्रत्येक बागेत फळझाडं आधीच लावून दिलेली. एकरी सात-आठ घरं. आज घोडबंदर रोडला आपण किती माणसं एका एकरात कोंबतो ते डोळ्यासमोर आणा म्हणजे कळेल. दारूचा गुत्ता नाही, तो अगदी कडक नियम होता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, घर मिळायला कॅडबरीच्या कारखान्यात नोकरी असायची अट नव्हती! बर्मिंगहॅमचा कुणीही कष्टकरी येऊ शकत होता. आता याच्या शेजारी लिव्हरचं पोर्ट सनलाइट ठेवा, साबणवाल्या लिव्हरने १८८८ ला सुरू केलेलं, दिसायला बोर्नव्हिलपेक्षाही देखणं, पण तिथे घर आणि नोकरी एकमेकांना बांधलेली, नोकरी गेली की घर गेलं. आपल्याकडच्या कंपनी क्वार्टर्सचंही तेच. किर्लोस्करवाडी १९१० ची, लक्ष्मणरावांनी औंध संस्थानच्या माळावर वसवली, मला त्या गावाबद्दल खूप आदर आहे, पण तेही कारखान्याचंच गाव. जॉर्जने ती दोरी मुद्दाम कापली. कट्ट्यावरच्या काकांचा हिशोबाचा मुद्दा इथे बसत नाही, कारण जो माणूस आपल्या कारखान्यात येतच नाही त्याला बागेसकट घर देऊन कोको जास्त विकला जात नाही.

आता कागदाची गोष्ट. सुरुवातीची बरीचशी घरं ९९९ वर्षांच्या लीजवर विकली होती, स्वस्त व्याजाने कर्ज देऊन. झालं काय, काही लोकांनी थोड्याच काळात ती चांगल्या नफ्यावर पुढे विकली. हे वाचून मला जराही आश्चर्य वाटलं नाही, नवी मुंबईत सिडकोच्या लॉटरीचं घर लागलं की पहिला फोन एजंटचा येतो हे आपण सगळे बघतोच. जॉर्जने यावर काय केलं तर १९०० मध्ये सगळं गावच ट्रस्टला देऊन टाकलं, बोर्नव्हिल व्हिलेज ट्रस्ट, ३३० एकर आणि ३१३ घरं. पुढे भर भाड्याच्या घरांवर. ट्रस्टच्या दस्तऐवजात लिहिलं की जो नफा उरेल तो परत घरांसाठीच वापरायचा, संस्थापकाला किंवा त्याच्या कुटुंबाला त्यातलं काही मिळणार नाही, आणि उद्देश लिहिला तो बर्मिंगहॅमच्या आणि ब्रिटनमध्ये इतरत्रही असलेल्या कष्टकरी लोकांची परिस्थिती सुधारण्याचा, कारखान्याच्या कामगारांपुरता नाही. अकरा मुलांचा बाप होता तो (दोन लग्नं, पहिली बायको मेरी १८८७ मध्ये गेली, मग एलिझाबेथ), आणि ही सगळी इस्टेट त्याने मुलांच्या वाट्यातून काढून दिली.

मला नवी मुंबईत याच्या सगळ्यात जवळ जाणारं काही वाटत असेल तर बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी ऐंशीच्या दशकात केलेलं. सात-सात घरांचे चौक, प्रत्येकाला स्वतःची जमीन आणि आकाश, भिंत कुणाशी सामाईक नाही म्हणजे पैसे येतील तसं घर वाढवता यावं. कल्पना तितकीच उदार होती. पण तिथे घरं प्रत्येकाच्या मालकीची झाली, सांभाळणारी एक संस्था मागे राहिली नाही, आणि आज जाऊन बघा, अर्ध्याअधिक जागी मूळ घर पाडून तीन-तीन मजले उठलेत, चौक गाड्यांनी भरलेत. लोकांना दोष नाही देत, गरज वाढते. पण फरक कागदाने पडतो हे मात्र दिसतं.

रात्रशाळेचे_मास्तर

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो, कारण माझ्या दृष्टीने सगळं तिथूनच सुरू होतं. जॉर्ज कॅडबरी तरुणपणापासून दर रविवारी सकाळी बर्मिंगहॅमच्या सेव्हर्न स्ट्रीटवरच्या प्रौढ शाळेत शिकवायला जायचा. आठवडाभर कामाने थकलेले, काही दारूत बुडालेले, काही तुरुंगात जाऊन आलेले असे पुरुष, त्यांना अक्षरं शिकवायची, वाचायला-लिहायला शिकवायचं. सकाळी सातच्या आसपास वर्ग भरायचा. आणि हे त्याने पन्नासेक वर्षं केलं! कंपनी बुडत होती तेव्हाही आणि तो देशातल्या श्रीमंतांपैकी एक झाला तेव्हाही.

वर्गातली माणसं आली नाहीत की तो त्यांच्या घरी जायचा. तिथे त्याने पाहिलं की एका अंगणाभोवती पाठीला पाठ लावलेल्या खोल्या, मागे खिडकी नाही, वारा नाही, नळ आणि संडास सगळ्यांत मिळून एक. त्याने स्वतःच सांगितलंय की या वर्गातल्या लोकांशी संबंध आला नसता, आणि अशा गल्लीत राहून सरळ आयुष्य जगणं किती अवघड आहे हे पाहिलं नसतं, तर मी बोर्नव्हिल कधीच बांधलं नसतं. म्हणजे गावाची कल्पना कारखान्याच्या ऑफिसात सुचलेली नाही, विद्यार्थ्याच्या घरी सुचली.

मी रात्रशाळेत शिकवलंय, हॉटेलात भांडी घासून, कुरिअर वाटून रात्री आठला येणारी मुलं असायची. मुलगा आला नाही म्हणून घरी गेलं की मग कळतं तो का आला नाही, दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं आणि पुस्तक ठेवायला जागा नाही. शिकवणाऱ्याला हे एकदा दिसलं की तो पुन्हा फक्त फळ्यापुरता शिक्षक राहू शकत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, जॉर्ज त्याच्या चार-पाच वर्षांनंतर शिकवायला लागला. दोन्ही ठिकाणी कष्टकऱ्यांच्या हातात अक्षर द्यायची तळमळ तीच होती.

काकांना म्हणावं, ज्याला नुसता हिशोब करायचाय तो पन्नास वर्षं रविवारी पहाटे उठत नाही.

वकील_पाचपाखाडी

अनघाताईंचा दुसरा प्रश्न राहिलाय, त्यावर लिहितो. केस म्हणून हा विषय मला कायम अस्वस्थ करत आलाय.

साओ टोमे आणि प्रिन्सिप ही आफ्रिकेच्या पश्चिमेची पोर्तुगीज बेटं. कागदावर गुलामी बंद झालेली. प्रत्यक्षात अंगोलातून माणसं आणायची, पाच वर्षांच्या करारावर अंगठा, आणि पाच वर्षांनी करार आपोआप पुढे, परत कुणी जातच नव्हतं. कॅडबरीचा निम्म्याच्या आसपास कोको तिथून यायचा. १९०१ मध्ये जॉर्जचा पुतण्या विल्यम, जो खरेदी बघायचा, त्याच्या हातात एका मळ्याच्या विक्रीची यादी आली आणि त्यात गुराढोरांसारखे मजूरही मालमत्ता म्हणून किंमत लावून लिहिलेले. कंपनीला कळलं ते तेव्हा.

पुढे काय केलं? १९०३ मध्ये विल्यम लिस्बनला जाऊन पोर्तुगीज सरकारला भेटला, त्यांनी सुधारणा करतो म्हणून सांगितलं. मग जोसेफ बर्ट नावाच्या माणसाला पोर्तुगीज शिकवून १९०५ ला तिकडे पाठवलं, त्याचा रिपोर्ट १९०७ मध्ये आला, गुलामीच आहे म्हणून. दरम्यान हेन्री नेव्हिन्सन नावाचा पत्रकार स्वतः अंगोलात फिरून आला आणि त्याने १९०५-०६ मध्येच सगळं छापलं होतं. ब्रिटिश परराष्ट्र खातं कॅडबरींना थांबा थांबा म्हणत होतं, कारण दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींना मोझांबिकमधून मजूर हवे होते आणि ते पोर्तुगीजांच्याच हातात. शेवटी विल्यम स्वतः जाऊन आला आणि मार्च १९०९ मध्ये कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री या तिन्ही कोको कंपन्यांनी साओ टोमेचा कोको घेणं बंद केलं, पुढे गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचं घाना, तिथल्या शेतकऱ्यांकडून घ्यायला लागले.

आता यात जॉर्जची अडचण दुहेरी होती. १९०१ मध्ये त्याने डेली न्यूज हे वर्तमानपत्र घेतलं होतं, बोअर युद्धाला विरोध करायला, नंतर म्हाताऱ्यांच्या पेन्शनसाठी, घरबसल्या कवडीमोलाने राबणाऱ्या बायकांसाठी त्या पेपरने मोठी मोहीम चालवली. १९०८ ला ७० च्या पुढच्या गरीब म्हाताऱ्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन द्यायचा कायदा झाला, त्यात या मोहिमेचा वाटा मोठा. आणि हाच पेपर ट्रान्सवालच्या खाणींत चिनी मजुरांना गुलामासारखं राबवतात म्हणून सरकारवर तुटून पडला होता. त्यामुळे १९०८ मध्ये स्टँडर्ड या विरोधी पेपरने लिहिलं की हे लोक दुसऱ्यांची गुलामी बघतात आणि स्वतःच्या कोकोची बघत नाहीत. कॅडबरींनी बदनामीचा दावा लावला.

डिसेंबर १९०९, बर्मिंगहॅम, कॅडबरींकडून वकील रूफस आयझॅक्स, स्टँडर्डकडून वकील एडवर्ड कार्सन. कार्सनने विल्यमला शेवटी विचारलं की १९०१ ते १९०८ मध्ये तुमचा कोको पिकवताना किती गुलामांचे जीव गेले याचा काही अंदाज तुम्ही केलाय का. उत्तर नाही असं आलं. ज्युरीने निकाल कॅडबरींच्या बाजूने दिला आणि नुकसानभरपाई दिली एक फार्दिंग, पेनीचा चौथा हिस्सा. खर्च विरोधी पक्षाने द्यायचा. म्हणजे कायद्याने बदनामी झाली, पण तुमच्या नावाची किंमत आम्ही एवढीच लावतो.

किती वजन द्यावं विचारलंत. माझं मत स्पष्ट आहे, अर्ध्या तासातली दहा मिनिटं. बहिष्कार लगेच टाकला तर पोर्तुगीजांवर दबाव आणायचं साधन हातातून जाईल असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं, ते पटण्यासारखंही आहे, पण हा युक्तिवाद एक वर्ष चालतो, दोन वर्षं चालतो, आठ वर्षं चालत नाही. बर्मिंगहॅमच्या गल्लीत जॉर्ज स्वतः घरोघर गेला म्हणून त्याला दिसलं. अंगोलातल्या माणसाच्या दारात तो कधी उभा राहिला नाही, रिपोर्ट आले, पत्रव्यवहार झाला. मास्तरांनी जे लिहिलंय त्याचीच ही दुसरी बाजू आहे.

अनघा_माजिवडा

सगळ्यांचे मनापासून आभार, मला एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मास्तरांचा रविवारचा वर्ग आणि वकीलसाहेबांचं शेवटचं वाक्य वाचून माझी मांडणीच बदलली. आता मी जन्म-शिक्षण-कारखाना असं सरळ न जाता सेव्हर्न स्ट्रीटच्या वर्गापासून सुरुवात करेन, मग भेसळ, मग ट्रस्ट, आणि साओ टोमेला पूर्ण दहा मिनिटं. लोखंडेंचं तर घेणारच, ठाण्यात बोलायचं आणि त्यांचं नाव नाही असं होऊच शकत नाही. काका, तुमची परवानगी असेल तर तो कॅन्टीनचा किस्सा सांगू का, नाव-गाव न घेता?

कळवा_कामगार

अवश्य सांगा ताई. आणि सीवूड्सवाल्या ताईंनी ट्रस्टचं लिहिलं ते वाचून मी एवढं मान्य करतो की याने निदान घरांच्या बाबतीत लेखी देऊन टाकलं, स्वतःच्या मुलांनाही परत मागता येणार नाही असं. असा मालक मी तरी पाहिला नाही. बायकांच्या नोकरीचं माझं म्हणणं कायम आहे.

एक विचारायचं होतं, कंपनी नंतर अमेरिकन लोकांनी घेतली ना? मग त्या गावाचं काय झालं?

सीवूड्स_प्लॅनर

हो काका, २०१० मध्ये क्राफ्टने कॅडबरी विकत घेतली, साधारण साडेअकरा अब्ज पौंडांना, आणि २०१२ पासून ते मॉन्डेलीझ झालं, आपल्या ठाण्याच्या कंपनीच्या गेटवरही आता तेच नाव आहे. त्या वेळी इंग्लंडमध्ये खूप आरडाओरडा झाला, संसदेत चर्चा झाली, कामगार रस्त्यावर आले. पण गाव त्या सौद्यात नव्हतंच. १९०० पासून ते कंपनीचं नाहीये, त्यामुळे विकायला कुणाच्या हातातच नव्हतं. ट्रस्ट आज हजारो घरं सांभाळतो आणि त्यातली बरीच अजूनही भाड्यानेच देतो.